वर्णमाला ‘वाय’पाशी थांबली, तेच बरं झालं

गिरगावात आमच्या चाळीच्या कोपऱ्यावर भाड्याने पुस्तकं देणारी एक लायब्ररी होती. लायब्ररी म्हणजे काय, जिन्याखालची जागा, दोन फळ्या आणि एक स्टूल. तिथले बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड इतक्या हातांतून फिरलेले असत की पानं कापडासारखी मऊ पडत, आणि सगळ्यात आधी सुटून जात ती शेवटची पानं. रहस्यकथेत नेमकी तीच. लायब्ररीवाले काका पुस्तक परत आलं की मागून चाळून बघत. पानं गेलेली दिसली की आतल्या कोऱ्या पानावर निळ्या शाईने लिहीत, ‘शेवटची ४ पाने नाहीत’, आणि पुस्तक पुन्हा फळीवर ठेवत. आम्ही ती पुस्तकंही न्यायचोच. ज्याने धड प्रत वाचली असेल त्याला जिन्यात गाठून खुनी कोण ते विचारायचं, नाहीतर आपलं आपण ठरवायचं. एका पुस्तकात कोणीतरी रेघी कागदावर स्वतःचा शेवट लिहून चिकटवला होता आणि खाली आपलं नाव आणि ‘इयत्ता ९ वी’ असं घातलं होतं. काकांनी तो कागद काढला नाही. पण वरची निळी ओळही खोडली नाही.

इतक्या वर्षांनी हे आठवलं, कारण गेल्या महिन्यात मी सू ग्राफ्टन या अमेरिकन रहस्यकथालेखिकेच्या मालिकेतलं शेवटचं पुस्तक वाचून संपवलं. इंग्रजी मुळाक्षरांची ही मालिका. ‘ए’ म्हणजे अ‍ॅलिबाय हे पहिलं पुस्तक १९८२ चं, ‘वाय’ म्हणजे यस्टरडे हे २०१७ च्या ऑगस्टचं. मी फोर्टात नोकरीला होते तेव्हा फाउंटनच्या फुटपाथवर जे अक्षर मिळेल ते उचलायचे. त्यामुळे ‘जी’ आधी वाचलं, मग ‘सी’, मग कितीतरी वर्षांनी ‘ए’. पुढे नवी पुस्तकं येतील तशी घेतली. ‘वाय’ मात्र कपाटात न उघडता पडून होतं. ते वाचलं की संपलं, हे माहीत होतं. ज्यांनी एखाद्या मालिकेवर जीव लावलाय त्यांना हे निराळं सांगायला नको.

कारण ‘झेड’ नाही. त्याचं नाव ग्राफ्टनने आधीच सांगून ठेवलं होतं, ‘झेड’ म्हणजे झीरो. पण २८ डिसेंबर २०१७ ला ती कॅन्सरने गेली, वयाच्या ७७ व्या वर्षी. तिच्या मुलीने तेव्हाच जाहीर केलं की आईने दुसऱ्या कोणाला आपल्या नावाने लिहू देणं शक्यच नव्हतं, त्यामुळे आमच्या घरापुरती वर्णमाला आता ‘वाय’पाशी संपते. २५ अक्षरं झाली, एक राहिलं. ३५ वर्षं वाचकांनी ज्या टोकाकडे बघत प्रवास केला ते टोक एका पावलावर असताना रस्ता संपला.

मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. आणि आज पूर्ण विचाराने मी म्हणते की त्या घराने केलं तेच योग्य होतं. लेखक गेला की त्याची मालिका तिथेच थांबावी, मग ती अपुरी का असेना. वारसांना आणि प्रकाशकाला कायदा पुढे चालवायची मुभा देत असेल, तरी त्यांनी ती वापरू नये.

माझं म्हणणं किन्सी मिलहोनच्याच उदाहरणाने सांगते. किन्सी ही ग्राफ्टनची खाजगी गुप्तहेर. पाच वर्षांची असताना मोटार अपघातात आईवडील गेले, मावशीने वाढवली. दोनदा लग्न, दोनदा घटस्फोट. केस नखं कापायच्या कात्रीने स्वतःच कापते. कुठल्याही समारंभाला चालेल असा एकच काळा ड्रेस आहे. पीनट बटर आणि लोणच्याच्या काकडीचं सँडविच खाते, टाइपरायटर वापरते, माहिती छोट्या कार्डांवर टिपून ठेवते. घरमालक हेन्री ऐंशी ओलांडलेला, एकेकाळचा बेकरीवाला, शब्दकोडी रचणारा. या सगळ्या खुणा कोणीही हुशार माणूस आठवडाभरात पाठ करेल आणि त्या पेरून तीनशे पानं लिहून देईल. वाचताना आपल्याला क्षणभर वाटेलही, हीच ती.

पण त्या खुणांच्या मागे ग्राफ्टनने एक निर्णय घेतला होता आणि तो तिने ३५ वर्षं पाळला. पहिल्या पुस्तकात किन्सी ३२ वर्षांची आहे. शेवटच्या पुस्तकात १९८९ साल चालू आहे आणि ती ३९ ची आहे. लेखिका चाळिशीतून सत्तरीत गेली, जगात मोबाइल आला, इंटरनेट आलं, आणि किन्सी मात्र सार्वजनिक टेलिफोन शोधत, ग्रंथालयात जुनी डिरेक्टरी चाळत, लोकांच्या दारावर टकटक करत फिरत राहिली. काळ असा धरून ठेवणं ही साधी गोष्ट नाही. लिहिणाऱ्याला दर वर्षी स्वतःच्या आजूबाजूचं जग मागे सारून त्या जुन्या वर्षात जावं लागतं. किन्सी चाळिशीची झाल्यावर तिचं काय होणार होतं, ती कोणाजवळ थांबणार होती की एकटीच राहणार होती, हे ‘झेड’मध्ये ठरणार होतं. ते ठरवण्याचा अधिकार किन्सीच्या स्वभावाची यादी करून मिळत नाही. जिने ती ३५ वर्षं सांभाळली तिलाच तो होता, आणि तिच्याबरोबर तो गेला.

आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या लेखी सगळा मुद्दा तिच्यात येतो. या कादंबऱ्या किन्सीने दिलेल्या अहवालासारख्या आहेत. पहिल्या पुस्तकापासून ग्राफ्टनने ती रीत पाडली: प्रकरण संपलं, हिशेब झाला, आता हा अहवाल आदरपूर्वक सादर, खाली सही किन्सी मिलहोन. दुसऱ्या कोणी ‘झेड’ लिहिलं तर त्या अहवालाखाली सही कोण करणार? खोटी सही ओळखणं हेच जिचं काम, तिच्याच नावाखाली ती सही असेल.

याच्या उलट वाट स्वीडनमध्ये घेतली गेली, आणि ती हकिगत मला आजही अस्वस्थ करते. स्टिग लार्सन नोव्हेंबर २००४ मध्ये हृदयविकाराने गेला तेव्हा ५० वर्षांचा होता. ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’ आणि तिच्या पुढच्या दोन अशा तीन कादंबऱ्या त्याने प्रकाशकाकडे दिलेल्या होत्या. त्या २००५ ते २००७ मध्ये निघाल्या आणि जगभर गाजल्या. चौथीचा काही भाग लॅपटॉपमध्ये होता. एवा गाब्रिएलसन त्याच्याबरोबर तीस वर्षांहून जास्त राहिली, पण त्यांनी लग्न केलेलं नव्हतं. अतिउजव्या संघटनांवर लिहिणारा माणूस. पत्ता सरकारी कागदांवर येऊ नये म्हणून लग्न टाळलं, असं तिने सांगितलंय. स्वीडनच्या कायद्याने सगळे हक्क वडील आणि भावाकडे गेले. १९७७ सालचं एक मृत्युपत्र सापडलं, पण त्यावर साक्षीदारांच्या सह्या नव्हत्या, त्यामुळे ते फुकट गेलं. पुढे २०१५ मध्ये डेव्हिड लागरक्रान्त्सने लिहिलेलं चौथं पुस्तक बाजारात आलं, त्याने एकूण तीन लिहिली, मग २०२२ पासून कारिन स्मिरनॉफने. गाब्रिएलसनने उघड विरोध केला. तो कोणी ऐकला नाही, कारण तिच्याकडे कागद नव्हता.

नव्या लेखकांवर माझा राग नाही. त्यांनी आपली नावं लपवली नाहीत, मेहनत केली. पण लार्सनच्या पुस्तकांत जो संताप होता तो त्याच्या पत्रकारितेतून, त्याला आलेल्या धमक्यांतून आला होता. बायकांवर होणाऱ्या अत्याचाराबद्दलची ती चीड हेच त्या पुस्तकांचं इंजिन. पुढच्या पुस्तकांत नायिका तीच आहे, तिचा गोंदलेला ड्रॅगन तोच आहे, आणि ती चीड शोधावी लागते. रहस्यकथेला लोक कोड्याचा खेळ म्हणतात. पण मालिका वाचणारा कोडं एका बैठकीत विसरतो. तो परत परत येतो ते एका माणसाची न्यायाची जाणीव ऐकायला: कोणाला सोडायचं, कोणाला नाही, कायदा कमी पडला तर काय करायचं. ही जाणीव हक्कांबरोबर वारशाने देता येत नाही.

स्वीडनमध्येच याचं दुसरं टोकही आहे. माय शेवाल आणि पेर वालो या जोडप्याने ठरवून दहाच पुस्तकं लिहायचं कबूल केलं होतं. मार्टिन बेक या पोलिस अधिकाऱ्याच्या दहा कादंबऱ्या, १९६५ ते १९७५, मिळून एका समाजाची कहाणी. दहावी निघाली त्याच वर्षी वालो गेला. शेवाल त्यानंतर ४५ वर्षं जगली, २०२० मध्ये गेली. जिने निम्मा बेक स्वतः लिहिला होता तिला अकरावं पुस्तक लिहायला कोण अडवणार होतं? पैसा मिळाला असता, वाचक रांगेत उभे राहिले असते. तिने बेकचं अकरावं पुस्तक लिहिलं नाही. पडद्यावर बेकच्या नव्या नव्या कथा निघत राहिल्या ते वेगळं. पुस्तकं दहाच राहिली, आणि म्हणून ती दहा आजही एकसंध वाचता येतात.

आणि सिसिलीचा आंद्रेआ कामिल्लेरी. त्याची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. सत्तरीच्या उंबरठ्यावर, १९९४ मध्ये, त्याने इन्स्पेक्टर मोंतालबानोचं पहिलं पुस्तक लिहिलं. नाव दिलं स्पॅनिश लेखक मोंतालबानच्या मानार्थ. २००३ मध्ये तो मोंतालबान परदेशी विमानतळावर अचानक गेला, आणि त्याच सुमारास कामिल्लेरीने आपल्या नायकाचा निरोप लिहायला घेतला. वय ऐंशीच्या घरात, मालिका ऐन भरात. २००५ मध्ये हस्तलिखित पुरं करून त्याने पालेर्मोच्या प्रकाशकाकडे दिलं आणि सांगितलं, मी गेल्यावर काढा. पुढे दृष्टी गेली, तो तोंडी सांगून लिहवून घेऊ लागला. २०१६ मध्ये ते बाड परत मागवलं, कथानकाला हात न लावता फक्त भाषा सुधारली, कारण मधल्या वर्षांत त्याची सिसिलियन मिसळलेली इटालियन आणखी पिकली होती. जुलै २०१९ मध्ये ९३ व्या वर्षी तो गेला आणि एका वर्षाने पुस्तक निघालं. त्यात मोंतालबानो चक्क आपल्या लेखकाशी फोनवर भांडतो. शेवट सांगत नाही, वाचणाऱ्यांचा आनंद मी का हिरावू? एवढंच सांगते की तो शेवट दुसऱ्या कोणालाही लिहिता आला नसता आणि त्यानंतर दुसऱ्या कोणाला पुढे लिहायला जागाही उरत नाही.

अगाथा ख्रिस्तीनेही हेच केलं होतं. आपल्या गुप्तहेर पोआरोचा शेवट तिने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून ठेवला आणि तो १९७५ मध्ये, तिच्या मृत्यूच्या काही महिने आधी, बाहेर आला. न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर पोआरोची मृत्युवार्ता छापली. तरी २०१४ पासून वारसांच्या परवानगीने सोफी हॅनाचे नवे पोआरो निघू लागले. या प्रकाराच्या बाजूने जे म्हणतात त्यांचं म्हणणं मी टाळत नाही. ते म्हणतात, गोष्टी जुन्या काळात घडतात, मूळ शेवटाला धक्का नाही. नव्या लेखिकेचं नाव मुखपृष्ठावर आहे. नवे वाचक यातून मूळ पुस्तकांकडे वळतात. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत, तिसरीही असेल. पण मुखपृष्ठावर ख्रिस्तीचंही नाव असतं आणि वाचक पैसे त्या नावाचे मोजतो. जिने तीस-पस्तीस वर्षं आपला शेवट कुलपात जपला, तिला पोआरोच्या मधल्या मोकळ्या वर्षांतल्या गोष्टी लिहायच्या असत्या तर तिने स्वतःच लिहिल्या असत्या.

होम्सचं उदाहरण हमखास पुढे केलं जातं. डॉयलने १८९३ मध्ये त्याला धबधब्यात ढकललं आणि वाचकांनी परत आणवलं ना? हो, आणवलं. पण परत आणला तो डॉयलने, जिवंतपणी, स्वतःच्या हाताने. वाचकाने लेखकाकडे हट्ट धरावा, हा आपला हक्कच आहे. सेक्स्टन ब्लेक या इंग्रजी गुप्तहेराचंही उदाहरण देतात. पण तो अनेक लेखकांनी मिळून चालवलेला नायक होता, कोणा एकाचा नव्हताच. आणि ज्यांना कोणाच्या जगात राहून लिहायचंय त्यांना रस्ता मोकळा आहेच. खुद्द ग्राफ्टनने किन्सीचं गाव, सान्ता टेरेसा, रॉस मॅक्डोनल्डच्या कादंबऱ्यांतून घेतलं. त्याला मान देऊन गाव घेतलं, माणसं आपली वसवली आणि नाव आपलं लावलं. नववीतल्या त्या मुलाने रेघी कागदावर हेच केलं होतं.

आपल्याकडे हा प्रश्न अजून मोठा झालेला नाही, म्हणूनच आत्ता बोलायला हवं. शरदिंदू बंद्योपाध्याय १९७० मध्ये गेले तेव्हा ब्योमकेश बक्षीची एक कथा अर्धवट राहिली, नाटक चालू असताना रंगमंचावर झालेल्या मृत्यूची. ती ब्योमकेशच्या समग्र कथांत अपुरी म्हणूनच छापली जाते. नंतर इतरांनी तिचे शेवट रचले, २०२२ मध्ये त्यावर बंगाली चित्रपटही आला. माझी त्याला हरकत नाही, कारण शरदिंदूंची गोष्ट कुठे थांबते ते पुस्तकात स्वच्छ दिसतं. दूरदर्शनमुळे ब्योमकेश आपल्याही घरातला झाला आहे. उद्या त्या अपुऱ्या कथेचं मराठी पुस्तक निघालं तर तिथेही तो सांधा दिसला पाहिजे.

मराठीत बाबूराव अर्नाळकर १९९६ मध्ये गेले, सुहास शिरवळकर २००३ मध्ये. दोघांच्या पुस्तकांना आज पुन्हा मागणी आहे, ऑडिओवर, मोबाइलवर. याचा मला मनापासून आनंद आहे आणि त्या उत्पन्नावर वारसांचा पूर्ण हक्क आहे. पण उद्या कोणी ‘नवा झुंजार’ किंवा ‘नवा मंदार पटवर्धन’ काढायचं ठरवलं, मूळ लेखकाचं नाव वर ठळक आणि लिहिणाऱ्याचं खाली बारीक, तर अडवणार कोण? आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतात. आधी पन्नास होती, रवींद्रनाथांच्या पुस्तकांची मुदत संपत आली तेव्हा १९९२ मध्ये ती वाढवली. त्याच कायद्यातलं सत्तावन्नावं कलम लेखकाच्या कृतीची मोडतोड करून त्याची अप्रतिष्ठा होऊ देत नाही. पण नवं पुस्तक जुन्या पुस्तकाची पानं फाडत नाही, म्हणून ते कलम इथे फारसं कामाला येत नाही. मालिका पुढे चालवण्याबद्दल कायद्यात वेगळं काहीच नाही. म्हणजे सगळं वारसाच्या मनावर. आणि वारसाचं मन बदलू शकतं. ग्राफ्टनने किन्सीला पडद्यावर आणू द्यायला आयुष्यभर नकार दिला, मुलांकडून तशी शपथ घेतल्याचं ती सांगायची. २०२१ मध्ये टीव्हीचे हक्क दिल्याची बातमी आलीच. घरच्यांकडे त्यांची कारणं असतील. पण तोंडी शपथ किती टिकते ते कळतं.

म्हणून आज जे मराठीत मालिका लिहीत आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आपलं पात्र आपल्यामागे चालावं की थांबावं, हे लिहून ठेवा. मृत्युपत्रात लिहा, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. लार्सनची गोष्ट डोळ्यांपुढे ठेवा. प्रकाशकाबरोबरच्या करारात पात्राच्या हक्काचं स्वतंत्र कलम मागा. चालावं असं वाटत असेल तर तेही लिहा, मग आम्हा वाचकांची तक्रार नाही. इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट रहस्यकथावाला नव्हता, पण त्याने अपुऱ्या कादंबऱ्या नष्ट करायला सांगितलं होतं, आणि २०१७ मध्ये त्याची हार्ड डिस्क खरोखरच वाफेच्या रोडरोलरखाली चिरडण्यात आली. कोणाला ते निर्दय वाटलं. मला त्यात माणसाचा शब्द पाळल्याचं समाधान दिसलं. आणि प्रकाशकांना सांगणं इतकंच, की लेखकाने काहीच लिहून ठेवलं नसेल तर त्याचा अर्थ ‘चालू द्या’ असा धरू नका.

‘वाय’ संपवलं त्या रविवारी माझा भाचा घरी आला होता. मी पुस्तक मिटून नुसती बसलेली पाहून त्याने विचारलं, काय झालं. सांगितलं. पोराला वाईट वाटलं, तो मनाचा चांगला आहे. म्हणाला, “मावशी, तुला ‘झेड’ हवंय का? पंचवीस पुस्तकं आहेत म्हणजे मशीनला तिची स्टाइल सहज कळेल. चहा होईस्तोवर देतो काढून.” त्याने फोन हातात घेतलासुद्धा.

मी नको म्हटलं. तो चहा टाकायला आत गेला तेव्हा मी पुस्तकाचं मागचं कोरं पान उघडलं आणि त्याच्याच निळ्या पेनाने लिहिलं, ‘यापुढचे पुस्तक नाही.’ मग पुस्तक ‘एक्स’च्या शेजारी ठेवून दिलं.